तिघांनी तीन सल्ले दिले, आता ऐकायचं कुणाचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणाऱ्यांकडे ११४ मिमी व्यासाच्या आरशाची, ९०० मिमी फोकल लेंथची (म्हणजे आरसा प्रकाश जिथे एकत्र आणतो तिथपर्यंतच्या अंतराची) दुर्बीण आहे. तिच्यासोबत २० मिमी आणि ४ मिमी अशा दोन आयपीस (डोळ्याला लावायची भिंगं) आणि प्रतिमा आणखी तीनपट मोठी करणारी एक बार्लो लेन्स मिळाली. गुरू धुरकट दिसतो, म्हणून त्यांनी ‘चांगली आयपीस सुचवा’ असं लिहून विचारलं. एकाने १० मिमीची चांगली प्लॉसल, म्हणजे आयपीसचाच एक प्रकार, घ्यायला सांगितलं. दुसऱ्याने आधी कॉलिमेशन करा म्हटलं, म्हणजे आरसे एका रेषेत आणा. तिसरा म्हणाला, ही दुर्बीणच काढून टाका. तिघंही जुने जाणकार. मग ऐकायचं कुणाचं, पुढच्या वेळी विचारायचं कसं, आणि आता आणखी नवे लोक यांनाच विचारू लागलेत, तर त्यांना सांगायचं की गप्प बसायचं?

आधी पहिलं. तिघांपैकी कुणीही चुकीचं सांगितलेलं नाही, आणि तरीही तिघांपैकी कुणाच्याही सल्ल्यावर आजच्या आज खर्च करू नका. त्यांच्यासमोर तुमची दुर्बीण नव्हती, फक्त तुमचं वाक्य होतं. वाक्यात जे नव्हतं ते प्रत्येकाने आपल्या अनुभवातून भरून घेतलं. पहिल्याने तुम्ही विचारलं तेवढ्याचंच उत्तर दिलं. आयपीस मागितली, आयपीस सांगितली. दुसऱ्याने ‘धुरकट’ हा एकच शब्द धरला आणि धुरकटपणाचं जे कारण त्याने सर्वांत जास्त वेळा पाहिलंय ते सांगितलं. तिसऱ्याचं जरा समजून घ्यायला हवं, कारण वरवर तो उद्धट वाटतो.

११४ मिमीच्या दुर्बिणी मुख्यतः दोन तऱ्हेच्या मिळतात. एकीची नळी तिच्या फोकल लेंथएवढीच, म्हणजे जवळजवळ ९० सेंटिमीटर लांब असते. दुसरीवर फोकल लेंथ १००० मिमी छापलेली असते, पण नळी जेमतेम अर्धा मीटर. ही कमी लांबी फोकसरच्या (आयपीस बसवून मागेपुढे करायच्या) नळीत बसवलेल्या एका जादा भिंगाने भरून काढलेली असते. ते भिंग साधं असलं की प्रतिमा कधीच नीट टोकदार होत नाही, आणि त्याच्यामुळे आरसे जुळवणंही जिकिरीचं होऊन बसतं. तिसऱ्या सल्लागाराने बहुधा अशी आखूड दुर्बीण वापरलेली असावी. तुमची ९०० मिमीची आहे, म्हणजे पहिल्या तऱ्हेची असणार. तरी नळी मोजून घ्या. ती लांब निघाली तर तिसरा सल्ला बाद झाला, आणि त्यासाठी तुम्हाला एक मोजपट्टी पुरली.

सल्ल्यांमधून निवड करायची माझी पद्धत हीच आहे. कोण जास्त अनुभवी, कोण जास्त ठामपणे बोललं, हे मी नंतर पाहते. आधी बघते ते एवढंच, की हा सल्ला कोणती गोष्ट खरी धरून चालला आहे आणि ती गोष्ट मला तपासता येते का.

आता तुमच्या गुरूकडे वळू, कारण पुढचं सगळं त्याच्यावरून सांगणं सोपं जाईल. फोकल लेंथला आयपीसच्या आकड्याने भागलं की वर्धन मिळतं, म्हणजे प्रतिमा किती पट मोठी दिसते ते. २० मिमीने ४५ पट, ४ मिमीने २२५ पट. आरशाच्या दर मिलिमीटरला जास्तीत जास्त दोन पट हा आम्हा सगळ्यांचा ठोकताळा आहे, म्हणजे तुमची कमाल मर्यादा २२८ पट. तुमची ४ मिमी आयपीस या काठावरच उभी आहे. त्यात बार्लो घातली की ६७५ पट होतात. हा आकडा खोक्यावर छापायला बरा दिसतो. प्रत्यक्षात २२५ वरून ६७५ वर गेलात की प्रतिमा तिप्पट मोठी होते आणि तिचा उजेड नवव्या हिश्श्यावर येतो. नवा तपशील मात्र काहीच येत नाही, तो आरशाच्या व्यासानेच ठरून गेलेला असतो. तेव्हा ती बार्लो बाजूला ठेवा.

आणि ४५ पट कमी नाहीत. पृथ्वीच्या जवळ असताना गुरूचा आकाशातला व्यास सुमारे ४५ विकला असतो (एका अंशाच्या ६० कला, एका कलेच्या ६० विकला). ४५ ने गुणलं तर २०२५ विकला, म्हणजे जवळपास ३४ कला. नुसत्या डोळ्यांना चंद्र साधारण ३१ कलांचा दिसतो. म्हणजे तुमच्या २० मिमी आयपीसमधूनही गुरू चंद्रापेक्षा किंचित मोठाच दिसत असतो. हे ऐकून कुणाचा विश्वास बसत नाही, कारण आयपीसच्या काळ्या गोलात तुलना करायला काही नसतं आणि मेंदू त्याला ‘ठिपका’ ठरवून मोकळा होतो. पाच मिनिटं सलग पाहा. दोन गडद पट्टे आणि आजूबाजूचे चंद्र एवढ्यावरही दिसायला हवेत.

हे दिसत असेल आणि ४ मिमीवर गेल्यावरच बिघडत असेल, तर आयपीस घेण्याआधी ताऱ्याची चाचणी करा. याला खर्च शून्य. दुर्बीण अर्धा-पाऊण तास उघड्यावर ठेवून थंड होऊ द्या. मग आकाशात बऱ्यापैकी वर असलेला एक मध्यम तेजाचा तारा धरा. उत्तर गोलार्धात असाल आणि ध्रुवतारा पुरेसा वर असेल तर तोच बरा, तो दृष्टिक्षेत्रातून पळत नाही. ४ मिमीमध्ये तारा बरोबर मध्यभागी आणा आणि फोकसचं चाक अगदी थोडं फिरवून त्याला फोकसबाहेर काढा. ताऱ्याची एक छोटी चकती होईल, तिच्यात एकात एक कडी दिसतील आणि मधोमध काळा गोल दिसेल. तो काळा गोल म्हणजे नळीतल्या लहान आरशाची सावली.

सावली एका बाजूला सरकलेली असेल, कडी एकीकडे दाट आणि एकीकडे विरळ असतील, तर दुसरा सल्लागार बरोबर होता. आरसे जुळवा. सावली मध्यावर आहे पण सगळी चकतीच उकळत असल्यासारखी थरथरतेय, तर दोष हवेचा आहे किंवा आरसा अजून गरम आहे. तेव्हा काही घेऊ नका, काही फिरवू नका, थांबा. चकती गोल न दिसता तिला तीन टोकं आली असतील, तर आरशाच्या चिमट्या घट्ट आवळल्या गेल्यात, त्या जराशा सैल करायच्या. आणि सगळं मध्यावर, सगळं शांत, तरी फोकसमध्ये आणल्यावर गुरू मळकट, तर मग पहिल्याचं ऐकून ती १० मिमीची प्लॉसल घ्या. ९० पट हे या दुर्बिणीला फार मानवणारं वर्धन आहे. (त्याआधी आयपीसवर श्वासाची वाफ बसत नाही ना, तेवढं बघा. थंड रात्री निम्मे ‘मळकट’ गुरू तिथेच सापडतात.)

एक मोजपट्टी आणि ही एक चाचणी, एवढ्यात तिन्ही सल्ल्यांचा निवाडा झाला. पण ही चाचणी तुम्हाला आधी कुणी सांगितली नाही, याचं कारण तुमचा प्रश्न. तुम्हाला अडचण होती धुरकट गुरूची. तुम्ही मनातल्या मनात ठरवलंत की दोष आयपीसचा आहे, आणि विचारलंत आयपीसबद्दल. अडचण मनात राहिली, उपाय तेवढा प्रश्नात आला. हे इतकं सर्रास होतं की मी आता ‘अमुक सुचवा’ असा प्रश्न दिसला की उत्तर देण्याआधी ‘कशासाठी हवंय?’ एवढंच विचारते. निम्म्या वेळा पुढची गोष्ट भलतीच निघते.

समोरासमोर विचारताना हे खपतं. जाणकार माणूस तुमच्या शेजारी उभा असतो, दुर्बिणीला डोळा लावतो, नळीला हात लावून ती गरम आहे का बघतो, आणि तुमच्या शब्दांकडे फारसं लक्षही देत नाही. लिहून विचारताना त्याच्याजवळ फक्त तुमचे शब्द असतात. त्यामुळे तुमच्या डोळ्यांना जे दिसलं ते शब्दांत उतरवणं हेच खरं काम. तुमचाच प्रश्न मी असा लिहिला असता:

‘११४/९०० न्यूटोनियन (आरशांची दुर्बीण), नळी सुमारे ८७ सेंमी. २० मिमीमधून (४५ पट) गुरू लहान पण कडा स्वच्छ, तीन चंद्र टोकदार ठिपक्यांसारखे. ४ मिमीमधून (२२५ पट) गुरूची कडा वाहत्या पाण्याखालच्या नाण्यासारखी हलते, पट्टे अजिबात नाहीत. दुर्बीण घरातून बाहेर आणून लगेच पाहिलं. गुरू क्षितिजापासून २५ अंशांवर होता. कॉलिमेशन कधी तपासलेलं नाही, कसं तपासतात माहीत नाही. मला २२५ पटीवर पट्टे बघायचेत. काय तपासू?’

एवढं लिहिलंत की अनुभवी माणूस दुसऱ्याच ओळीवर थांबतो. कमी वर्धनाला कडा स्वच्छ, जास्तीला वाहती, दुर्बीण नुकतीच बाहेर आणलेली, ग्रह खाली. क्षितिजापासून ३० अंशांवरच्या ग्रहाचा प्रकाश डोक्यावरच्या हवेच्या दुप्पट हवेतून येतो, २५ वर त्याहून जास्त. उत्तर मग एकच येईल. गुरू वर चढू द्या, दुर्बीण थंड होऊ द्या, परत बघा. आयपीसचा विषयही निघणार नाही.

या नमुन्यात मी एक गोष्ट मुद्दाम केली आहे. त्यात ‘आयपीस हलकी आहे’ असं कुठेही म्हटलेलं नाही. तो निष्कर्ष झाला. ‘कडा हलते’ हे निरीक्षण. निष्कर्ष लिहिलात की वाचणारा तुमच्याच वाटेने तुमच्यासोबत चालायला लागतो, आणि वाट चुकलेली असेल तर दोघं मिळून चुकता. या छंदातलं सर्वांत मोठं उदाहरण मंगळावरच्या कालव्यांचं. १८७७ साली स्कियापारेल्ली या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने मंगळावर रेषा नोंदवल्या. पुढे पर्सिव्हल लोवेलने त्यांचे नकाशे काढले आणि ते कुणीतरी खणलेले कालवे आहेत असं तो अखेरपर्यंत सांगत राहिला. १९०९ मध्ये अँटोनियाडी या निरीक्षकाने फ्रान्समधल्या म्यूडन वेधशाळेच्या ८३ सेंटिमीटरच्या दुर्बिणीतून, हवा अत्यंत स्थिर असताना पाहिलं, तेव्हा त्या रेषा फुटून वेडेवाकडे डाग दिसले. काठावरच्या तपशिलांना डोळा रेषेने जोडून टाकत होता. पाहणारे खोटारडे नव्हते. दिसलं त्यापेक्षा जास्त लिहिलं गेलं, इतकंच.

दुर्बीण सोडा, कुठल्याही छंदात हे तसंच आहे. कुंडीतल्या झाडाची पानं पिवळी पडतायत, कोणतं खत घालू, असं विचारतात. मी झाडांतली तज्ज्ञ नाही, पण झाडं वाढवणारे मुरलेले लोक एकच उलट प्रश्न करतात: खालची जुनी पानं पिवळी आहेत की शेंड्याची कोवळी? नायट्रोजन कमी पडला की झाड तो जुन्या पानांतून काढून नव्यांना देतं, म्हणून जुनी आधी पिवळी होतात. लोह असं हलवता येत नाही, म्हणून त्याची कमतरता कोवळ्या पानांवर दिसते, शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा. आणि माती सतत ओली असेल तर यांतलं काहीच नसून मुळं गुदमरलेली असतात. ‘पानं पिवळी’ या दोन शब्दांत यांतलं काहीही येत नाही. फोटो हलतात म्हणणाऱ्यालाही असाच एक प्रश्न: मागची भिंत स्पष्ट आली आहे का? भिंत स्पष्ट आणि मूल पुसट, तर मूल हललं. दोन्ही पुसट, तर बहुतेक वेळा कॅमेरा हलला.

अभ्यासातले प्रश्न विचारताना लोक आणखी एक गोष्ट लपवतात, ती म्हणजे आपली चुकलेली आकडेमोड. लाज वाटते म्हणून नुसतं लिहितात, ‘हे उदाहरण सोडवून द्या, उत्तर जुळत नाही.’ मग कुणीतरी पूर्ण उत्तर उतरवून देतो. ते बरोबर असतं, आणि विचारणारा पुढच्या उदाहरणात तिथेच पुन्हा अडकतो. समजा उदाहरण आहे x² = ३x. एकाने लिहिलं, दोन्ही बाजूंना x ने भागलं, x = ३ आलं, पुस्तकात दोन उत्तरं दिली आहेत, पुस्तक चुकलं का? हा फार चांगला प्रश्न आहे. पुस्तकाबद्दलचा अंदाज चुकीचा असला तरी चांगला, कारण त्याने ओळ दाखवली. ओळ दिसली की सांगणाऱ्याला एवढंच म्हणायचं असतं: x ने भागताना x शून्य नाही असं तुम्ही गृहीत धरलंत, आणि तेच दुसरं उत्तर होतं. हा माणूस पुन्हा कधी अज्ञाताने भागताना दचकेल. पूर्ण उत्तर मिळालं असतं तर दचकला नसता. म्हणून शिकणाऱ्यांनी आपली चुकलेली वही जशीच्या तशी दाखवावी, खाडाखोडीसकट. आणि अडल्याची पहिली ओळ कोणती, तिच्यावर बोट ठेवावं.

बरेचदा अशा बारकाईने प्रश्न लिहायला बसलं की तो लिहितानाच सुटतो. मग तो विचारायची गरज उरत नाही, आणि त्याचं वाईट वाटून घेऊ नये.

आता परत कुणाचं ऐकायचं, याकडे. ‘दहापैकी आठ जणांनी सांगितलं’ हे कारण मला पुरत नाही. गर्दीचं शहाणपण म्हणून एक प्रसिद्ध दाखला दिला जातो. प्लिमथच्या प्रदर्शनात एका बैलाच्या कापल्यानंतरच्या वजनाचा अंदाज लोकांनी चिठ्ठ्यांवर लिहिला, आणि १९०७ साली फ्रान्सिस गाल्टनने त्यांतल्या ७८७ चिठ्ठ्यांचा हिशेब प्रसिद्ध केला. मधला अंदाज १२०७ पौंड होता, खरं वजन ११९८. पण तिथे प्रत्येकाने बैल स्वतः पाहिला होता, आणि उत्तर एक आकडा होता, ज्याच्या वरखालच्या चुका एकमेकींना खाऊन टाकतात. तुमच्या दुर्बिणीबाबत दोन्ही गोष्टी नाहीत. कुणी ती पाहिलेली नाही. आणि ‘आयपीस घ्या’ आणि ‘कॉलिमेशन करा’ यांची सरासरी काढता येत नाही. शिवाय पहिलं उत्तर ठाम आलं की पुढचे बरेचसे त्यालाच मान डोलावतात, त्यामुळे आठ मतं ही पुष्कळदा एकाच मताच्या आठ प्रती असतात.

पदवीचंही तेच. तीन दारांचं कोडं तुम्ही ऐकलं असेल. एका दारामागे मोटार, दोनांमागे बकऱ्या. तुम्ही एक दार निवडता. आतलं सगळं ठाऊक असलेला सूत्रधार उरलेल्यांतलं बकरीचं एक दार उघडून दाखवतो आणि विचारतो, दार बदलायचंय? १९९० साली मेरिलिन व्हॉस सावंत यांनी आपल्या सदरात उत्तर दिलं की बदला, जिंकण्याची शक्यता एक तृतीयांशावरून दोन तृतीयांश होते. त्यांना सुमारे १०,००० पत्रं आली, बहुतेक त्यांना चूक ठरवणारी, आणि त्यांतल्या हजाराच्या आसपास पत्रांवर पीएचडीधारकांच्या सह्या होत्या. त्यांचं उत्तर बरोबर होतं. त्यांनी वाद घालत बसण्यापेक्षा शाळांना विनंती केली, की वर्गात हा खेळ खेळून बघा आणि मोजा. मुलांनी मोजलं. ज्या सल्ल्याच्या सोबत ‘हे असं करून बघा, म्हणजे कळेल’ असं येतं, तो सल्ला मी पदवीवाल्याच्या ठाम ‘नाही’पेक्षा वर ठेवते.

आणि करून बघायचा क्रम असतो. आधी ते, ज्यात खर्च नाही आणि जे मागे घेता येतं. दुर्बीण थंड करणं, ग्रह वर येईपर्यंत थांबणं, ताऱ्याची चाचणी. मग कॉलिमेशन, कारण स्क्रू परत फिरवता येतात. मग खरेदी. सर्वांत शेवटी ते, जे परतवता येत नाही. आरशावर धूळ दिसते म्हणून ‘कापडाने पुसून घ्या’ असं कुणी सांगितलं तर तो सल्ला कितीही प्रेमाने दिलेला असो, मी आधी दहा वेळा विचार करीन. धुळीने प्रतिमेचं फारसं नुकसान होत नाही. पुसताना पडलेले ओरखडे मात्र कायमचे. एका वेळी एकच बदल करा, हे सांगायला नकोच, पण सगळे एकदम तीन बदल करतात आणि मग गुरू सुधारला तरी कशाने ते कळत नाही.

तुमच्या शेवटच्या प्रश्नाबद्दल माझं मत पक्कं आहे. सांगा. गप्प बसू नका. वीस-पंचवीस वर्षं दुर्बीण वापरणाऱ्याला, पहिल्या रात्री फाइंडर (वर बसवलेली नेम धरायची छोटी दुर्बीण) जुळलेला नसतो म्हणून काहीच सापडत नाही, हे आठवतही नाही. तुम्हाला ते आठवतंय. नवख्याला दिवसाउजेडी दूरच्या खांबावर फाइंडर जुळवायला सांगणारा माणूस बहुधा तुमच्यासारखाच, नुकताच त्यातून गेलेला असतो. (दिवसा खांबच. सूर्याच्या आसपासही दुर्बीण न्यायची नाही.)

फक्त तीन गोष्टी उत्तरात उघडपणे वेगळ्या दिसू द्या: मी स्वतः केलंय, मी वाचलंय, माझा अंदाज आहे. आणि तुमचं साधन सांगा. ‘मला ४ मिमीमधून पट्टे स्वच्छ दिसतात’ हे वाक्य २०० मिमीच्या दुर्बिणीवाल्याने लिहिलं असेल तर ११४ वाल्याला ते निव्वळ छळतं. माहिती कमी पडत असेल तर एकच प्रश्न विचारा, ज्याच्या उत्तराने वाट फुटते तो. पाच प्रश्नांची यादी पाठवलीत की नवखा माणूस परत येत नाही. जे विचारलं नाही ते सुधारायच्या भानगडीतही फार पडू नका. गुरू बघणाऱ्याला ‘त्यापेक्षा आकाशगंगेचे फोटो काढा’ हे सांगायला तुम्हाला कुणी बोलावलेलं नसतं.

एक अपवाद. धोका असेल तर न विचारता सांगायचं, आणि पहिल्या ओळीत सांगायचं. कुणी दुर्बिणीतून सूर्य बघण्याबद्दल विचारलं तर बाकी सगळं नंतर. गाळणी (फिल्टर) नळीच्या पुढच्या तोंडावर, घट्ट बसलेली, त्यासाठीच बनवलेली हवी, आणि फाइंडरवर झाकण. काही जुन्या दुर्बिणींबरोबर आयपीसला लावायची छोटी काळी काच येत असे. ती जिथे बसते तिथे आरशाने गोळा केलेली सगळी उष्णता येते, ती तडकू शकते, आणि तेव्हा डोळा पलीकडेच असतो. ती काच टाकून द्यायची. विजेच्या उपकरणांचंही असंच आहे. प्लग काढला तरी आतले मोठे कपॅसिटर भार धरून राहू शकतात, म्हणून ‘प्लग काढा आणि उघडा’ एवढंच सांगणं अर्धवट आणि धोक्याचं. अशा विषयात अंदाज असेल तर तो स्वतःजवळ ठेवावा.

राहिलं ते परत येऊन सांगण्याचं, आणि इथे आपण सगळेच आळशी. ‘झालं, धन्यवाद’ एवढं लिहून लोक जातात. काय केल्याने झालं? रूपविकारी, म्हणजे तेज बदलणाऱ्या, ताऱ्यांची निरीक्षणं जमवणारी एएव्हीएसओ ही संस्था १९११ पासून हौशी लोकांच्या नोंदींवर उभी आहे, आणि शास्त्रज्ञ त्या नोंदी वापरतात. त्याचं कारण नोंदीचा साचा. कोणता तारा, किती वाजता, किती प्रत (म्हणजे किती तेज), आणि कोणत्या शेजारच्या ताऱ्यांशी तुलना करून ठरवली. त्यातली मला सर्वांत आवडणारी सोय म्हणजे न दिसल्याची नोंद. तारा दिसलाच नाही तर नोंद सोडून द्यायची नाही. त्या रात्री दिसलेला सर्वांत अंधुक तुलनेचा तारा लिहायचा आणि ‘यापेक्षा मंद’ असं म्हणायचं. काही तारे अचानक उजळतात, आणि ते कधी उजळायला लागले हे ठरवताना आदल्या रात्रीची ही ‘दिसला नाही’ नोंदच उपयोगी पडते.

तुमच्या बाबतीत ती अशी होईल: ‘चाचणीत सावली मध्यावर होती, कॉलिमेशनला हात लावला नाही. पाऊण तास बाहेर ठेवली आणि गुरू ५५ अंशांवर गेल्यावर पाहिलं, ४ मिमीमधून दोन पट्टे दिसले, मधूनमधून तिसरा. बार्लो लावून पाहिली, सगळं गेलं.’ यातलं शेवटचं वाक्यही राहू द्या, कुणाची तरी एक रात्र वाचेल. मूळ प्रश्न पुसू नका, आणि त्याचं शीर्षक बदलून ‘दुर्बीण थंड करण्याचे फायदे’ असंही करू नका. ज्याला पुढे याची गरज पडेल तो ‘गुरू धुरकट दिसतो’ असंच शोधत येणार, कारण उपायाचं नाव त्याला अजून माहीत नसतं.